किटलीतलं पाणी

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद टेबलावर पालथा ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याबद्दल.

"दिवसाला किती पाणी पिता?"

माझे पती मधुकर म्हणाले, "भरपूर. तांब्याच लावतो तोंडाला." हे त्यांनी थोड्या अभिमानानं सांगितलं. शाळेत असल्यापासून आपण ऐकत आलो आहोत की पाणी भरपूर प्यावं. एखादी गोष्ट तरी आपण बरोबर केली, असं त्यांना वाटलं असणार.

"आता ते बंद," डॉक्टर म्हणाले. "आता मोजून."

आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं. क्रॉनिक रीनल फेल्युअर. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू, काही वर्षं लागून, निकामी होत जाणं. रक्तातली घाण आणि शरीरातलं जास्तीचं पाणी बाहेर टाकणं हे त्यांचं काम. ते थांबलं की प्यालेलं पाणी आतच राहतं. आधी पायांवर दिसतं, मग चेहऱ्यावर, मग छातीत साचून श्वास अडवतं. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ मोजतात. तो वाढलेला असला की मूत्रपिंडं थकली असं समजायचं. मधुकरांचा आकडा ऐकून डॉक्टरांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. ती नजर मला आकड्यापेक्षा जास्त कळली.

हे नव्वदच्या दशकातलं आहे. आम्ही पेणला रामवाडीत राहत होतो. मी वाचनालयात कामाला होते आणि मधुकर रोह्याच्या एका कंपनीत. शिफ्ट संपवून आले की बूट काढताना मोज्याच्या वरच्या कडेची खोल खूण पायावर राहिलेली दिसायची. उभं राहून काम आहे, पाय सुजणारच, असं आम्ही दोघंही म्हणायचो. मग सकाळी दात घासताना मळमळ सुरू झाली. ती पित्ताची ठरवली. मग जिना चढताना धाप. ती वयाची ठरवली. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी अशा खुणा दिसत असतील, तर कृपा करून त्यांना घरच्या घरी नावं देऊ नका. रक्तदाब मोजून घ्या, लघवी तपासून घ्या. एवढ्यानंही पुष्कळ कळतं.

निदान झालं आणि घरात वेगळाच वाद सुरू झाला. पाणी कुठलं बाधलं?

कंपनीतले लोक म्हणाले, रोह्याचं. ठाण्याहून माझा मोठा भाऊ, दादा, आला. तो म्हणाला, विहिरीचं. लहानपणी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं की असं पुढे निघतं. आणि आक्का म्हणाल्या, नळाचं.

आक्का म्हणजे मधुकरांची थोरली बहीण. रोह्याकडच्या खांब गावाच्या आतल्या अंगाला एका वाडीत राहायच्या. आई गेली तेव्हा मधुकर रांगत होते. आक्कांनीच त्यांना वाढवलं. लग्नानंतर आक्का माहेराजवळच राहिल्या, तेव्हा मधुकर ज्या विहिरीचं पाणी पिऊन मोठे झाले तीच विहीर पुढे आक्कांच्याही घरची झाली.

"नळाचं पानी मेलेलं असतं गो," त्या मला म्हणाल्या. "पाइपात अंधारात पडून असतं. विहिरीचं जितं पानी. त्याला खालनं झरा हाय, वरनं ऊन हाय."

पेणच्या घरात नळ उघडून मीच पाणी भरत होते. ते मी फडक्यानं गाळत होते, उकळत होते, निववून माठात घालत होते. माठात वाळ्याची जुडी टाकत होते. इतकी वर्षं मी त्यांना मेलेलं पाणी पाजलं, असा त्याचा सरळ अर्थ होता. मी उठून माठ भरला. मी एकूणच कमी बोलते.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "यांना कुठलंच पाणी बाधलेलं नाही. रक्तदाब वाढलेला होता, कित्येक वर्षं, आणि तो कुणी मोजला नाही. आता कुठलं पाणी ते मला सांगू नका. किती, ते सांगा."

हे वाक्य मी घरी आल्यावर आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर पेनचे नायत ना? मग हितल्या नळाचं त्यांना काय ठावं."

डायलिसिस सुरू झालं. रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातल्या जाळीतून गाळायचं आणि परत आत सोडायचं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम बाहेरून करायचं. त्यासाठी हातावर एक छोटी शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. आठवड्यातून दोनदा आम्ही पहाटेची एसटी धरून मुंबईला जायचो आणि संध्याकाळी परत.

त्या यंत्राला पाणी फार लागतं. भिंतीतून जाड नळी येते, पाणी आधी मोठ्या गाळण्यांतून जातं, मग यंत्रात. तंत्रज्ञांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मधुकर म्हणाले, "बघ. मला एक फुलपात्र आणि याला हौदभर." पुढे कितीतरी दिवस ते यंत्राकडे जेवणाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानाकडे बघावं तसे बघत असत. तहान हा या आजारातला खरा त्रास आहे. सुई टोचलेली विसरता येते. तहान विसरता येत नाही.

बाहेरच्या बाकांवर ओळखी होतात. एक बाई होती, तिनं नवऱ्याला स्वतःचं मूत्रपिंड दिलेलं होतं. ती आता फक्त तपासणीला येई. नवरा बाहेरच्या टपरीवर उभा राहून उसाचा रस पीत असे आणि ती त्याच्याकडे न बघता स्वेटर विणत बसे. मला तिचं ते न बघणं सहन होत नसे. मी पुस्तक उघडून बसायची आणि पान तेच राहायचं.

माझा रक्तगट मधुकरांशी जुळला नाही. आक्कांचा जुळला. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आक्का तिथेच होत्या. त्यांनी लगेच पदर खोचला, जणू आत्ताच आत जायचं आहे. पुढच्या तपासण्यांत त्यांना मधुमेह निघाला आणि तो विषय संपला. आक्का बाकावर बसून रडल्या. मला वाईट वाटलं. पण त्या निदान रडू तरी शकत होत्या. 'मी देणार होते' असं त्यांना म्हणता येत होतं. माझ्याजवळ तेवढंही नव्हतं.

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. मी पाणी मोजलं.

दादा ठाण्याहून सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन आला होता. तेव्हा अशा बाटल्या हायवेवरच्या हॉटेलांत नुकत्याच दिसायला लागल्या होत्या आणि घरात पिण्यासाठी त्या विकत घेतलेल्या मी तरी पाहिल्या नव्हत्या. दादानं झाकण पिरगळून दाखवलं, करकर असा आवाज आला. "हा आवाज आला तरच प्यायचं," तो म्हणाला. मधुकरांनी घोटभर घेतलं, तोंडात घोळवलं. "स्वच्छ आहे," ते म्हणाले, "पण कुठलंच नाही." दादाला ते समजलं नाही. मला समजलं, आणि दादाच्या बाटल्यांवर मात झाल्याचा मला आनंदही झाला.

पण रिकामी बाटली उपयोगी पडली. तिच्यावर मी नेलपॉलिशनं एक रेघ ओढली. दिवसाचं सगळं पाणी त्या रेघेपर्यंत. सकाळी माठातून तेवढं भरायचं. गोळी घेताना त्यातलंच, चहा घेतला तर तेवढं त्यातून कमी करायचं. बाटली संपली की दिवस संपला. हे तुम्हीही करा. फार सोपं आहे आणि भांडणं वाचतात.

तरीही वजन वाढत होतं. दोन डायलिसिसच्या मधे जे वजन वाढतं ते सगळं पाण्याचं असतं. डॉक्टर काट्याकडे बघत आणि माझ्याकडे बघत. मी बाटली दाखवत असे. एकदा ते वैतागले. "बाई, हे पाणी आभाळातून येतं का?"

ते पेजेतून येत होतं. सकाळी न्याहारीला मऊ भाताची पेज, भरपूर पातळ, मीठ न घातलेली. मी देत होते, आक्का आल्या की त्या देत होत्या. आमच्याकडे पेज म्हणजे अन्न. आजाऱ्याला पहिली पेज. ती पाण्यात मोजायची, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमटी तशीच, ताकही तसंच. डॉक्टर म्हणाले, "जे वाटीत ओतता येतं ते पाणी." घरी येऊन हे मी आक्कांना सांगितलं. त्यांनी पेजेचं पातेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "पेजेला पानी म्हनायचं, म्हंजे मानसानं जेवायचं काय?" त्यानंतर पेज बंद झाली आणि वजन आटोक्यात आलं.

आणखी एक सांगते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शहाळं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळं घेऊन येतो. या आजारात ते चालत नाही. त्यात पोटॅशियम नावाचा क्षार फार असतो, मूत्रपिंडं तो बाहेर टाकू शकत नाहीत, आणि तो रक्तात वाढला की हृदय थांबू शकतं. आमच्या पडवीत शहाळ्यांची रास झाली होती. शेवटी मी ती शेजारपाजारी वाटली, तर लोक म्हणाले, नवऱ्याच्या तोंडची काढून वाटते.

आता किटलीबद्दल.

आक्का आठवड्यातून दोनदा यायच्या, ज्या दिवशी डायलिसिस नसेल त्या दिवशी. दुपारच्या एसटीनं. हातात दुधाची झाकणाची किटली, तिच्यात विहिरीचं पाणी. डॉक्टरांनी उकळलेलंच द्या म्हटलं म्हणून त्या घरी चुलीवर उकळून आणत. त्याला थोडा धुराचा वास असे, असं मधुकर म्हणत. मी ते पाणी कधी चाखलं नाही. माझ्या घरात पाणी असताना बाहेरून आणलेलं पाणी मी का चाखावं?

मधुकरांनी एक पद्धत पाडली. सकाळपासून माझ्या बाटलीतलं पाणी जपून प्यायचे. गोळ्या, चहा, दोन घोट. शेवटचा हिस्सा ठेवून द्यायचे. संध्याकाळी मी वाचनालयातून आले की तो हिस्सा मला ओतून टाकायला लावायचे आणि तेवढंच पाणी किटलीतून फुलपात्रात घ्यायचे. मग डोळे मिटून, हळूहळू प्यायचे. एवढा वेळ लावायचे की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम शोधावं लागे.

ओतून टाकायचं ते पाणी मी मागच्या कढीपत्त्याला घालायची. त्या वर्षी कढीपत्ता फोफावला. शेजारणी मागायला यायच्या आणि विचारायच्या, काय खत घालता?

तुमच्या घरी असं कुणी असेल तर तुम्हाला कळेल. माणूस मरणाच्या दारात आहे आणि आपण फुलपात्रात कुणाचं पाणी आहे ते बघतो आहोत. पण आजारपण लांबलं की मोठ्या गोष्टी आपल्या हातात राहतच नाहीत. जगणं-मरणं डॉक्टरांच्या हातात, वेळ एसटीच्या हातात. आपल्या हातात उरतं ते एवढंसं फुलपात्र. मग माणूस त्याच्यासाठी भांडतो. मी मनातल्या मनात भांडत होते, एवढाच फरक.

मे महिन्यातली एक संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. मी दारात चपला काढत होते. आत मधुकर आक्कांना म्हणत होते, "आक्का, आज पाणी गोड आहे. असं पाणी कधी प्यायलो नव्हतो."

मी आत गेले, तर दोघं एकमेकांकडे बघून हसत होते, भावंडं हसतात तसं, तिसऱ्याला आत न घेता. मी बाटलीतलं उरलेलं पाणी घेतलं आणि मागच्या दाराशी गेले. त्या दिवशी मी ते कढीपत्त्याला घातलं नाही. मोरीत ओतलं.

त्यानंतर प्रत्येक वेळी ते पाण्याची तारीफ करायचे. माझ्यादेखत. "काय चव आहे, सुमन, तू घेऊन तरी बघ." मी म्हणायची, मला तहान नाही.

पावसाळा तोंडावर असताना त्यांचं हृदय थकलं. डायलिसिस चालू असतानाच रक्तदाब उतरायला लागला, मग त्यांना तिथेच ठेवून घेतलं. अतिदक्षता विभागात घरचं पाणी नेऊ देत नव्हते. दादानं बाहेरच्या दुकानातून सीलबंद बाटली आणली. झाकणाचा तो करकर आवाज झाला. परिचारिका म्हणाली, ओठ ओले करा, जास्त नको. मी कापसाच्या बोळ्यानं त्यांचे ओठ ओले केले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आक्का पोहोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. हातात किटली होती. त्यांनी माझ्याजवळ येऊन एवढंच विचारलं, "पानी कुनाचं व्हतं गो?"

मी म्हणाले, "बाटलीतलं."

आक्का माझ्याशेजारी बसल्या. आम्ही दोघी बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिलो. ती खिडकीत होती, जवळजवळ भरलेली.

पुढचे महिने मी कुणाकडे गेले नाही. दिवाळी झाल्यावर आक्कांचा निरोप आला, ये म्हणून. जावंसं वाटत नव्हतं, पण न जायला कारणही सापडत नव्हतं. खांबला उतरून चालत गेले. भात कापून झाला होता.

विहीर घराच्या मागेच होती. लग्नानंतर पूजेला नेलं होतं तेव्हा पाहिली होती, नंतर कधी तिच्या काठाशी गेले नव्हते. आता काठोकाठ भरलेली होती. मी सहज म्हणाले, "भरपूर पाणी आहे की."

"आता हाय," आक्का म्हणाल्या. "उन्हाळ्यात तळ दिसतो. औंदा तर चैतातच गाळ लागला."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी रहाटाचा दोर हातात घेतला होता, पण ओढत नव्हत्या.

"मग किटलीत काय आणत होता?" मी विचारलं.

"तुझ्याच माठातलं," त्या म्हणाल्या. "रिकामी किटली घिऊन यायची. तू कामाला असायचीस. दुपारी तुझ्या माठातलं भरून ठेवायची. तो हाक मारील, पानी आनलंस का, तर नाय कसं म्हनायचं मी?"

मी विहिरीत वाकून पाहिलं. आक्का पुढे सांगत राहिल्या.

"पयल्याच दिशी वळखलंन त्यानं. वाळ्याचा वास. म्हनला, आक्का, ह्ये तिचं पानी हाय. मी म्हटलं, विहीर आटली रे मधू, आता मी येत नाय. तर म्हनला, तू ये. आनि तिला सांगू नको. सांगितलंस तर तुझं येनं बंद व्हईल, तू मानी हायस." त्यांनी डोळे पुसले. "मंग तुझ्यासमोर मुद्दाम वाखाणायचा. मी म्हनायची, कशाला तिला जाळतोस? तर म्हनायचा, तिचीच तारीफ करतोय, तिला कळंना तर मी काय करू."

मी विहिरीच्या काठावर बसले. शेवटचा महिनाभर ते माझंच पाणी डोळे मिटून, हळूहळू पीत होते. बाटलीतलं माझं पाणी ओतायला लावून किटलीतलं माझंच पाणी. मला हसू आलं आणि रडूही आलं. आणि खरं लिहायचं तर त्याच वेळी पुन्हा तीच जुनी कळ उठली. माझ्या घरात, माझ्या माठावरून, त्या दोघांचं एक गुपित होतं आणि मी त्याच्या बाहेर होते. ते गेले तरी ते गुपित आक्कांजवळ होतं. माझ्याजवळ काय, मोरीत ओतलेलं पाणी.

पण आक्कांनी ते स्वतःजवळ ठेवलं नाही, हेही तितकंच खरं. बोलावून घेऊन दिलं. नसतं दिलं तर मला कधी कळलं नसतं. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. त्या डॉक्टरांचीही आहे, यंत्रापाशी उभं राहणाऱ्या त्या सगळ्यांची आहे, आणि दादाची आहे, ज्याच्या बाटलीनं मला पाणी मोजायला शिकवलं आणि शेवटी ओठही ओले केले.

ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांना मी एवढंच सांगेन. पाणी मोजा, पेजेसकट मोजा. पण कुणाच्या हातचं आहे ते मोजू नका. पिणाऱ्याला ते ठाऊक असतं. आणि बाहेरून कुणी किटली घेऊन आलं, तर एकदा चाखून बघा. मी चाखलं असतं तर मला मे महिन्यातच कळलं असतं.

आक्कांनी दोर ओढला. घागर वर आली. त्यांनी फुलपात्र माझ्यापुढे धरलं. त्यांच्या विहिरीचं पाणी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्याले. न उकळलेलं, उन्हात थोडं कोमट झालेलं.

"कसं हाय गो?" त्यांनी विचारलं.

चांगलं आहे, असं मी तेव्हा म्हणाले. ते माझ्या माठातल्या पाण्याहून गोड होतं, हे लिहायला मला आजपर्यंत वेळ लागला.